जोडीदाराचं नैराश्य हा चळवळीचाच प्रश्न आहे

"बाबासाहेबांनी एवढं सोसलं, आणि तू एवढ्यात खचलीस?" नैराश्याने ग्रासलेल्या जोडीदाराला असं सुनावणारे कार्यकर्ते आपल्यातच आहेत. मित्रांनो, याने प्रेरणा मिळत नाही. आजारी माणूस गुन्हेगार ठरतो. बाबासाहेबांचं नाव कुणाला गप्प बसवण्यासाठी नाही.

२०१६ मध्ये रोहित वेमुलासाठी, २०१९ मध्ये डॉ. पायल तडवीसाठी आपण रस्त्यावर उतरलो. या संस्थात्मक हत्या आहेत, असं ठणकावून सांगितलं. मग जात माणसाचं मन पोखरते हे मोर्चात मान्य करायचं आणि आपल्या प्रेमाच्या माणसात तेच दिसलं की "नाटकं करू नकोस" म्हणायचं, हा दुटप्पीपणा कशासाठी?

काही जण विचारतील, व्यवस्था बदलल्याशिवाय गोळ्यांनी काय होणार? टीबी कुपोषणामुळे बळावतो, म्हणून आपण टीबीचं औषध थांबवतो का? लढाई आणि उपचार दोन्ही एकाच वेळी लागतात.

विनयपिटकात अतिसाराने आजारी पडलेल्या एका भिक्खूची गोष्ट आहे. तो संघाच्या कामाचा नाही म्हणून कुणी त्याच्याकडे फिरकत नव्हतं. बुद्धांनी आनंदासोबत स्वतः त्याला धुतलं आणि भिक्खूंना बजावलं, की ज्याला माझी सेवा करायची आहे त्याने आजाऱ्याची सेवा करावी. कामाचा नाही म्हणून माणूस टाकून देणारी चळवळ या धम्माचं नाव कोणत्या तोंडाने घेणार?

आणि ही सेवा फक्त बाईच्याच वाट्याला का? तो खचला तर तिने सगळं सोडून त्याला सांभाळायचं, ती खचली तर "हिचं डोकं फिरलंय" म्हणून याने हात झटकायचे, ही मनुस्मृतीचीच वाटणी आहे. ती आपण १९२७ ला महाडला जाळली. १९४२ च्या नागपूरच्या महिला परिषदेत बाबासाहेबांनी पत्नी ही पतीची मैत्रीण आणि बरोबरीची असावी, असं सांगितलं. ही बरोबरी शुश्रूषेतही हवी. मात्र साथ देणं म्हणजे मार खाणं नव्हे. आजार हा हिंसेचा परवाना नाही.

कायदाही वापरा. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम १८ ने सरकारी उपचारांचा हक्क दिला आहे. कलम १४ नुसार कोणतीही प्रौढ व्यक्ती साध्या कागदावर लिहून, सही किंवा अंगठा करून आपला नामनिर्देशित प्रतिनिधी नेमू शकते. तो नातेवाईकच असावा, अशी अट नाही. नेमला नसेल, तर नातेवाइकांचा क्रम आधी लागतो. आंतरजातीय प्रेम करणाऱ्यांनो, ज्या घराला तुमचं नातंच मान्य नाही त्या घराच्या हाती निर्णय जाण्याआधी हा कागद करून ठेवा.

टेली मानसचा १४४१६ हा मोफत क्रमांक चोवीस तास सुरू असतो. तो जोडीदाराच्या मोबाइलमध्ये आजच सेव्ह करा. डॉक्टरकडे जाताना सोबत जा. पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेत हा विषय घ्या, आणि त्यावर आधी पुरुषांनी बोलावं.

जयभीम!