माडीच्या फळ्या

माणगावातील आमच्या मावशी एक्याऐंशी वर्षांच्या आहेत. जुन्या घराच्या माडीवर रस्त्याच्या बाजूची खिडकी हे त्यांचे जग. गेल्या चैत्रात माडीच्या तक्तपोशीतील दोन सागवानी फळ्यांना लांब चिरा पडल्या. त्यांतल्या एका चिरेची कूस मावशींच्या टाचेत गेली. त्यांना मधुमेह आहे, पावलांची संवेदना मंदावलेली आहे. तीन दिवसांनी सुनेने पाय धुताना लाली पाहिली, तेव्हा ते कळले. जखम धुतली गेली, धनुर्वाताची लस घेतली गेली, डॉक्टरांनी प्रतिजैविके दिली आणि घरात एकच ठराव झाला : माडीला कुलूप लावायचे. मावशींनी त्या दिवशी जेवण घेतले नाही.

कुलूप हा उपाय सर्वांत स्वस्त दिसतो, पण तसा तो नसतो. जी व्यक्ती रोज जिना चढते, तिचे चढणे थांबवले की मांड्यांचे बळ लवकर उतरते आणि मग सपाट जमिनीवरही तोल जाऊ लागतो. म्हणून आधी फळ्या पाहाव्यात, असे मी सुचवले.

लाकूड लांबीत जवळजवळ बदलत नाही. रुंदीत मात्र हवेतील ओलाव्याप्रमाणे फुगते आणि आकसते. आपल्या भागात आषाढ-श्रावणात हवा पाण्याने जड असते, तर फाल्गुनापासून पत्र्याखालची माडी भट्टीसारखी तापते. फळी आकसू पाहते, पण खिळ्यांनी तुळईला जखडलेली असते. मग ती धाग्याच्या दिशेने फाटते. बहुतेक चिरा खिळ्यापासून किंवा फळीच्या टोकापासून सुरू होतात, त्या यामुळेच.

दुरुस्तीपूर्वी स्क्रूड्रायव्हरचे टोक चिरेच्या कडेला दाबून पाहावे. ते सहज रुतले, ठोकल्यावर पोकळ आवाज आला किंवा खाली मातीच्या बारीक नळ्या दिसल्या, तर तो कुजण्याचा वा वाळवीचा प्रकार आहे. अशा फळीत काहीही भरण्यात अर्थ नाही, ती बदलावी. तुळईचे भिंतीत गेलेले टोक मऊ लागले, तर माडी वापरणेच थांबवून जाणत्या सुताराला बोलवावे.

फळी टणक असेल, तर काम सोपे आहे. केसासारखी चीर असेल तर तिच्यातील धूळ काढून लाकडाचा बारीक भुसा आणि फेविकॉल यांची लापशी दाबून भरावी. बोटभर लांब आणि रुंद चिरेत त्याच जातीच्या लाकडाची पातळ पाचर गोंद लावून बसवावी व वाळल्यावर रंध्याने सपाट करावी. फळी आरपार फाटली असेल, तर खालून आडवी पट्टी हवी. ती स्क्रूने बसवावी, खिळ्यांनी नव्हे, आणि आधी गिरमिटाने भोके पाडावीत. अन्यथा नवीन चीर आपणच पाडतो. स्क्रूची लांबी पट्टी आणि फळी यांच्या एकत्रित जाडीपेक्षा कमी असावी, कारण वर आलेले टोक अनवाणी पायाला कुसेहून वाईट. वर डोकावणारे जुने खिळे ठोकून आत घालण्याऐवजी काढून तिथे स्क्रू घातलेले बरे.

दोन फळ्यांमधील फटी मात्र उन्हाळ्यात भरू नयेत. पावसाळ्यात फळ्यांना फुगायला तीच जागा असते; ती बुजवली की फळी मधून उचलते आणि ठेच लागते. आणि चीर दिसू नये म्हणून वर सतरंजी अंथरणे तर कधीच नको. सतरंजीची दुमडलेली कड हे पडण्याचे स्वतंत्र कारण आहे. गोंद वाळेपर्यंत वाटेत आडवी खुर्ची ठेवावी.

हे काम ज्येष्ठांनी स्वतः करू नये. स्टुलावर उभे राहून मान वर करताना चक्कर येणे सामान्य आहे. घासताना दम्याच्या रुग्णाला दुसऱ्या खोलीत न्यावे. रंग जुना असेल तर कोरडा घासू नये, पाणी मारून घासावा; घरगुती रंगांतील शिशावर आपल्याकडे ९० पीपीएमची मर्यादा २०१७च्या नोव्हेंबरपासून लागू झाली, त्यापूर्वीच्या रंगाच्या धुळीत शिसे असू शकते. चकचकीत वार्निश टाळावे, ओल्या पावलाला ते निसरडे होते. उकळलेले जवसाचे तेल पातळ लावून पुसून घेतले तरी पुरते. तेलाची फडकी मात्र चुरगळून कोपऱ्यात टाकू नयेत. ती आपोआप पेट घेऊ शकतात. बाहेर मोकळी पसरून वाळवावीत किंवा पाण्यात बुडवून ठेवावीत.

मावशींच्या माडीवर काम दीड दिवस चालले. एक फळी बदलावी लागली, दुसरीला खालून पट्टी बसली. सुतार काम करीत असताना मावशी जिन्याच्या पायथ्याशी खुर्ची टाकून बसल्या होत्या आणि कोणती फळी पूर्वीपासून करकरते, ते त्यांनीच सांगितले. ती तपासली तेव्हा तिचे दोन खिळे सैल निघाले. आता माडीवर चढताना मागे पट्टा असलेली मऊ चप्पल पायात असते आणि रात्री झोपण्यापूर्वी सून त्यांचे तळवे आरशात पाहते. स्क्रू दिवाळीनंतर, लाकूड वाळले की, पुन्हा आवळायचे आहेत.