विश्लेषण : लढणाऱ्या टी पेशींना आवर कोण घालते?

शरीराच्या प्रतिकारशक्तीला लगाम घालणाऱ्या टी पेशींवरील संशोधनासाठी मेरी ब्रंकॉ, फ्रेड रॅम्सडेल आणि शिमॉन साकागुची यांना २०२५ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल जाहीर झाले. ‘प्रतिकारशक्ती वाढवा’ असे सांगणाऱ्या जाहिरातींचा मारा होत असताना, तिला आवरणाऱ्या पेशी इतक्या महत्त्वाच्या का ठरतात?

टी पेशी म्हणजे काय?
हा पांढऱ्या रक्तपेशींचा एक प्रकार. त्यांचा उगम अस्थिमज्जेत होतो आणि छातीच्या हाडामागील थायमस ग्रंथीत त्या परिपक्व होतात. शरीरावरच उलटू शकतील अशा बहुतेक पेशी तिथेच नष्ट होतात.

प्रकार कोणते?
मारक पेशी विषाणूची लागण झालेल्या आणि कर्करोगाच्या पेशी संपवतात. साहाय्यक पेशी त्यांना बळ देतात, तसेच प्रतिपिंडे बनवणाऱ्या बी पेशींना चालना देतात. एचआयव्ही नेमका साहाय्यक पेशींवरच घाला घालतो, म्हणून रुग्णाला क्षयासारखे आजार सहज गाठतात. संसर्ग ओसरल्यावर काही टी पेशी स्मृती पेशी म्हणून टिकून राहतात. २००३ च्या सार्स साथीतून बरे झालेल्यांमध्ये त्या १७ वर्षांनीही आढळल्या.

नियामक पेशींचे काम काय?
थायमसच्या चाळणीतून काही घातक पेशी सुटतात. त्यांना रोखणाऱ्या नियामक पेशी साकागुची यांनी १९९५ मध्ये उंदरांत दाखवून दिल्या. ब्रंकॉ आणि रॅम्सडेल यांनी २००१ मध्ये फॉक्सपी३ जनुकाचा शोध लावला. या जनुकात दोष असलेल्या बाळांना ‘आयपेक्स’ हा गंभीर आजार होतो. त्यात प्रतिकारशक्ती स्वतःच्याच आतड्यांवर, त्वचेवर आणि स्वादुपिंडावर हल्ला करते. नियामक पेशींची घडण याच जनुकावर अवलंबून असते, हे २००३ मध्ये स्पष्ट झाले.

उपचारांत उपयोग कसा?
टाइप १ मधुमेहासारख्या आजारांत नियामक पेशींचे बळ वाढवण्याचे प्रयत्न सुरू आहेत. कर्करोगात मात्र उलटे. अनेक गाठी नियामक पेशींना जवळ ओढून स्वतःचा बचाव करतात. तिथे हा लगाम सैल करावा लागतो. मारक ताकद वाढवण्याचा मार्ग मुंबईतही विकसित झाला आहे. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांच्या सहकार्यातून साकारलेल्या ‘नेक्सकार१९’ उपचारात रुग्णाच्याच टी पेशींत जनुकीय बदल करून त्या काही रक्तकर्करोगांविरुद्ध वापरल्या जातात. एप्रिल २०२४ मध्ये या उपचाराचे लोकार्पण झाले.

थोडक्यात, प्रतिकारशक्ती नुसती वाढून भागत नाही. कुठे लढायचे आणि कुठे थांबायचे, हे तिला कळणेही तितकेच गरजेचे असते.