सरकारचा वकील, सरकारचा न्यायाधीश?

सरकारी वकील न्यायाधीश झाला तरी सरकारचाच राहतो, अशी आपल्याकडे पुष्कळांची खात्री असते. ती पटवून द्यायला अमेरिकेच्या रॉबर्ट जॅक्सन यांच्याइतकं सोयीचं उदाहरण दुसरं नाही. 1934 साली ते करखात्याचे वकील म्हणून वॉशिंग्टनला आले. 1938 मध्ये सॉलिसिटर जनरल झाले, 1940 मध्ये ॲटर्नी जनरल, 1941 मध्ये सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती. आणि 1945 मध्ये, ते पद न सोडताच, न्यूरेम्बर्गला नाझी नेत्यांवरच्या खटल्यात अमेरिकेचे मुख्य अभियोक्ता. कॉलेजचं तोंड न पाहिलेला, एका वकिलाच्या हाताखाली शिकून आणि ऑल्बनीच्या लॉ स्कूलमध्ये जेमतेम वर्षभर बसून वकील झालेला हा गृहस्थ राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांचा माणूस होता, यात वादच नाही.

पूर्वपक्ष कच्चा मांडून तो खोडून काढण्यात मर्दुमकी नाही, म्हणून तो पुरता मांडू. 1940 च्या ऑगस्टमध्ये रूझवेल्टना ब्रिटनला 50 जुन्या विनाशिका द्यायच्या होत्या आणि काँग्रेसची मंजुरी मागायची नव्हती. त्यासाठी लागणारं कायदेशीर मत ॲटर्नी जनरल जॅक्सननी लिहून दिलं. त्याच वर्षी टेलिफोनवरचं चोरून ऐकणं त्यांनी आधी बंद केलं, आणि राष्ट्राध्यक्षांची गुप्त चिठ्ठी येताच तो कारभार एफबीआयच्या हूव्हरवर सोडून हात झटकले. पुढच्या जूनमध्ये कॅलिफोर्नियातला संपकरी विमान कारखाना लष्कराने ताब्यात घेतला, त्याचंही समर्थन त्यांनीच केलं. अशा माणसाला न्यायासनावर बसवणं म्हणजे सरकारने आपला पंच आपणच नेमणं, असं कोणी म्हणालं तर त्याला वेड्यात काढता येणार नाही.

पण आरोप टिकायला एक गोष्ट दिसायला हवी: न्यायाधीश झाल्यावर जॅक्सन आपल्या जुन्या पक्षकाराकडे झुकले काय? 1952 साली कोरियन युद्ध चालू असताना राष्ट्राध्यक्ष ट्रुमननी संपाच्या तोंडावर पोलाद कारखाने ताब्यात घेतले. सरकारने दाखला काढला तो 1941 च्या त्याच विमान कारखान्याचा, म्हणजे खुद्द जॅक्सन यांच्याच युक्तिवादाचा. जॅक्सननी तो बाजूला सारला. खटल्यातल्या एका पक्षाच्या वकिलाची विधानं घटनेच्या प्रश्नावर प्रमाण मानता येत नाहीत, मग तो वकील आपण स्वतः का असेना, असं त्यांनी लिहिलं. ट्रुमन सहा विरुद्ध तीन मतांनी हरले. त्याआधी 1950 मध्ये क्रिस्टेन्सन नावाच्या डेन्मार्कच्या नागरिकाच्या प्रकरणात तर जॅक्सन यांचं ॲटर्नी जनरल असतानाचं लेखी मत समोर आलं, आणि निकाल देताना त्यांनी त्याची चक्क थट्टा केली. स्वतःच्या सहीचं कागदपत्र उलटवायला किती न्यायाधीश इतके मोकळे असतात?

युद्धकाळातली साक्ष याहून मोठी आहे. जपानी वंशाच्या अमेरिकनांना पश्चिम किनाऱ्यावरून हुसकावण्याची मोहीम रूझवेल्ट यांच्याच आदेशावर उभी होती. 1944 च्या कोरेमात्सू खटल्यात सहा न्यायमूर्तींनी तिला मान्यता दिली, जॅक्सन विरोधातल्या तिघांत होते. लष्कराचा हुकूम युद्धाबरोबर सरेल, पण न्यायालयाने उचलून धरलेलं तत्त्व भरलेल्या बंदुकीसारखं पडून राहील, हा त्यांचा इशारा. (1943 मध्ये जपानी वंशीयांवरची संचारबंदी मान्य करणाऱ्यांत तेही होते, हे त्यांच्या चाहत्यांना सहसा आठवत नाही.)

आता न्यूरेम्बर्ग. सरन्यायाधीश स्टोन यांना हा सगळाच उद्योग झुंडीच्या फाशीसारखा वाटत होता. शिवाय जॅक्सन वर्षभर गैरहजर, न्यायालयात आठच जण उरलेले. यातली दुसरी तक्रार मला मान्य आहे. न्यायमूर्तीने अभियोक्त्याचा झगा चढवायला नको होता, आणि 1946 च्या जूनमध्ये तिथूनच सहकारी न्यायमूर्ती ब्लॅक यांच्यावर जाहीर आगपाखड करणं तर त्यांना मुळीच शोभलं नाही. आरोपी गोरिंगच्या उलटतपासणीत ते चिडले, अडखळले, हेही खरं. मात्र गोरिंग फाशीच्या शिक्षेपर्यंत पोचला तो जर्मनांनीच लिहून ठेवलेल्या कागदपत्रांमुळे. साक्षीदारांपेक्षा कागदांवर भर द्यायचा, हा निर्णय जॅक्सन यांचाच होता.

'जेत्यांचा न्याय' हा आक्षेप उरतो. आपल्याकडे त्याला भारतीय न्यायाधीश राधाबिनोद पाल यांचा आधार दिला जातो. जपानी नेत्यांवरच्या टोकियोच्या खटल्यात त्यांनी सर्व आरोपींना निर्दोष ठरवलं होतं. आक्रमक युद्ध हा गुन्हा आधी कुठल्या कायद्यात होता, हा पाल यांचा सवाल बिनतोड आहे आणि तो जॅक्सननाही लागू पडतो. पण निःशस्त्र माणसांची कत्तल हा गुन्हा ठरवायला 1945 साल उजाडावं लागलं नव्हतं, आणि जपानी सैन्याचे अत्याचार पालनीही नाकारले नव्हते. न्यायपीठावर स्टालिनचा न्यायाधीश होता, सोव्हिएतांनीच केलेल्या कातिनच्या कत्तलीचं खापर आरोपपत्रात जर्मनांवर फोडलं होतं. हा डाग धुऊन निघत नाही. तरी समोर पर्याय कोणता होता? बड्या नाझींना खटल्याविना गोळ्या घालाव्यात, असंच चर्चिलना वाटत होतं. नेमणुकीपूर्वी, 1945 च्या एप्रिलमध्येच जॅक्सननी बजावलं होतं की गुन्हा सिद्ध न झाल्यास सोडून द्यायची तयारी नसेल तर खटल्याचं सोंग करू नका. ऑक्टोबर 1946 मध्ये न्यूरेम्बर्गच्या आरोपींपैकी शाख्ट, पापेन आणि फ्रिट्शे निर्दोष सुटले. शाख्टची उलटतपासणी खुद्द जॅक्सननी घेतली होती.

जॅक्सन 1954 मध्ये वारले. त्यांचं सर्वांत टिकाऊ काम मात्र 1943 चं आहे, वेस्ट व्हर्जिनियातल्या शाळकरी मुलांचं. यहोवा विटनेस पंथाच्या या मुलांवर झेंड्याला सलामी देण्याची सक्ती होती. ऐन युद्धात, न्यायालयाने तीनच वर्षांपूर्वी दिलेला निकाल फिरवून जॅक्सननी ती सक्ती घटनाबाह्य ठरवली. 1985 मध्ये केरळात त्याच पंथाच्या तीन भावंडांना राष्ट्रगीत गायलं नाही म्हणून शाळेतून काढलं. गीत चालू असताना ती आदराने उभी राहत होती. पुढच्या वर्षी आपल्या सर्वोच्च न्यायालयाने त्यांना पुन्हा शाळेत घ्यायला लावलं. बिजो इमॅन्युएल खटल्याचं हे निकालपत्र लिहिताना न्यायमूर्ती चिन्नप्पा रेड्डींनी आधाराला घेतलेल्या निकालांत रूझवेल्ट यांच्या या माजी ॲटर्नी जनरलचा निकाल होता.