शस्त्रांची तपासणी आणि झांकली मूठ

जी राजवट सहकार्य करण्यास मुळींच राजी नाहीं, तिच्या शस्त्रांची तपासणी परक्या निरीक्षकांनीं करावी तरी कशी, ही शंका अनेक सुज्ञ गृहस्थ बोलून दाखवितात. शंका रास्त आहे. परंतु तीवरून तपासणीच व्यर्थ, असा निष्कर्ष काढणें आम्हांस मान्य नाहीं.

आमच्या बारामती-इंदापुराकडे उसाच्या हंगामांत वजनकाटे तपासले जातात. तपासनीस काटेवाल्याच्या कबुलीवर विसंबत नाहीं. भरलेली गाडी पुन्हा तोलून दोन आंकडे ताडून पाहतो. शस्त्रतपासणीचें मर्मही हेंच. लपविलेली वस्तु सांपडणें कठीण. पण खोटा हिशेब सर्व बाजूंनीं जुळविणें त्याहून कठीण. १९९२ सालीं उत्तर कोरियानें सांगितलेला प्लुटोनियमचा हिशेब निरीक्षकांच्या नमुन्यांशीं जुळेना. लबाडीचा संशय तेव्हांच आला. पुढें २००२ सालीं त्या सरकारनें निरीक्षकांस घालवून दिलें व २००६ सालीं अणुस्फोट केला. येथें डोळे चुकले नाहींत. हात दुबळे ठरले.

इराकची गोष्ट उलट आहे. १९९१ नंतर निरीक्षकांनीं तेथील पुष्कळ शस्त्रें नष्ट करविलीं. सद्दाम हुसेननें मात्र 'झांकली मूठ सव्वा लाखाची' हेंच धोरण ठेविलें. २००३ सालीं हान्स ब्लिक्स यांनीं आणखी कांहीं महिने मागितले. ते न देतां मार्चमध्यें युद्ध सुरू झालें. युद्धानंतर मूठ उघडली, तों तींत शस्त्रांचे सांठे नव्हते.

आतां आपल्या घराकडेही पाहूं. १९६९ सालीं सुरू झालेलें तारापूरचें वीजकेंद्र अमेरिकेच्या साहाय्यानें उभें राहिलें व आंतरराष्ट्रीय तपासणीखालीं आलें. तुर्भ्याची कॅनडानें दिलेली अणुभट्टी १९६० पासून केवळ शांततामय उपयोगाच्या वचनावर चालली; तपासणी नव्हती. १९७४ च्या पोखरणच्या स्फोटास प्लुटोनियम तिचेंच लागलें. आपल्या सरकारनें त्या स्फोटास शांततामय म्हटलें. कॅनडानें वचनभंग म्हणून अणुसाहाय्य थांबविलें. वचनाचा अर्थ ज्याचा तो लावतो. मोजमापाचा तसा लावतां येत नाहीं. इतरांस हें माप लावा म्हणणाऱ्या आपण हा इतिहास विसरूं नये.

तात्पर्य, तपासणीनें ज्ञान मिळतें, आज्ञापालन नव्हे. तिचा निकाल कटु असला तरी त्यावर कृति करणें, आणि तो आपल्या मताविरुद्ध असला तरी मान्य करणें, हें निरीक्षकांचें नव्हे, त्यांस धाडणाऱ्या राष्ट्रांचें काम आहे. कोरियांत पहिलें झालें नाहीं, इराकांत दुसरें.