शिरगणतीबाहेरची मुले

यंदा, २०२५ साली, ज्या ज्या सभेत श्रोता म्हणून बसण्याचा योग आला, त्या प्रत्येक सभेत पुण्याची लोकसंख्या आम्हांस निराळी ऐकावयास मिळाली. पाणीपुरवठ्यावर बोलणारा वक्ता ती पन्नास लाख धरीत असे, वाहतुकीवर बोलणारा सत्तरच्या पुढे नेत असे, आणि मराठी शाळांच्या ऱ्हासावर बोलणारा तर आकड्यांच्या फंदात न पडता नुसता सुस्कारा टाकून मोकळा होत असे. यांपैकी कोणासही खोटे पाडण्याचे साधन आज कोणापाशी नाही. कारण या शहराची शेवटची खानेसुमारी २०११ साली झाली, आणि १८८१ पासून दर दहा वर्षांनी, १९४१ साली महायुद्ध पेटलेले असतानासुद्धा, चालत आलेला हा क्रम २०२१ साली प्रथमच तुटला. महामारीचे निमित्त खरे होते. ती ओसरल्यावर किती दिवाळ्या गेल्या याचा हिशेब वाचकांनीच करावा. वर्षभर आम्हांस टोचत राहिलेली गोष्ट ही, आणि संपादकीयाची सारी जागा तिच्यावर खर्ची घालण्यास आमचे वाचक हरकत घेणार नाहीत, असे जुन्या ऋणानुबंधाच्या भरवशावर आम्ही गृहीत धरतो.

बाकीच्या वर्षाची नोंद तेवढी करतो. मे महिन्यात जयंतराव नारळीकर गेले. जुलैत शिवछत्रपतींचे दुर्ग जागतिक वारसास्थानांच्या यादीत गेले, आणि त्याच महिन्यात नागपूरच्या दिव्या देशमुखने बुद्धिबळाचा महिला विश्वचषक जिंकला. सप्टेंबरात मराठवाड्यातील उभी पिके पाण्याखाली गेली. त्याविषयी पुढे बोलावे लागणारच आहे.

१ मार्च २०११ हा त्या शेवटच्या गणतीचा संदर्भदिन. त्या दिवशी पुणे महानगरपालिकेच्या हद्दीत ३१ लाख २४ हजार आणि पिंपरी-चिंचवडच्या हद्दीत १७ लाख २७ हजार माणसे राहत होती. त्यांपैकी पिंपरी-चिंचवड आदल्या दहा वर्षांत दहा लाखांवरून तेथवर येऊन ठेपले होते. ज्या दशकात रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन जिल्ह्यांची वस्ती चक्क घटली, त्याच दशकात पुणे जिल्हा तीस टक्क्यांनी वाढला. पुढे २०१७ साली अकरा आणि २०२१ साली तेवीस गावे पुण्याच्या हद्दीत आली. वाघोली, मांजरी, नऱ्हे, सूस ही कालपरवापर्यंतची मौजे आता शहर झाली. असे असूनही ऑगस्ट २०२५ मध्ये महापालिकेच्या प्रभागरचनेचा जो मसुदा प्रसिद्ध झाला, एकेचाळीस प्रभागांचा आणि एकशे पासष्ट सभासदांचा, तो या गावांची २०११ सालची डोकी मोजूनच. शेताच्या बांधावरची जी चार घरे तेव्हा कागदावर आली, त्यांच्या हिशेबाने आज तेथल्या बहुमजली वसाहतींचा कारभार बेतला जाणार. मार्च २०२२ पासून प्रशासकाच्या हाती राहिलेल्या शहरास निवडणूक मिळते हेच पुष्कळ, असे कोणी म्हणेल. आमचे म्हणणे त्याहून लहान माणसांविषयी आहे.

शिक्षणहक्काचा कायदा सहा ते चौदा वर्षांच्या बालकांसाठी आहे. २०११ च्या मार्चनंतर लगेच जन्मलेले मूल २०२५ साली चौदा वर्षांचे आहे, आणि सहा वर्षांचे मूल २०१९ सालचे. म्हणजे ज्या वयोगटासाठी हा कायदा केला, त्या वयोगटातील जवळजवळ एकही मूल आजतागायत या देशाच्या शिरगणतीत आलेले नाही! पुढची गणती १ मार्च २०२७ या संदर्भदिनाची. तोपर्यंत त्यांतील थोरले मूल सोळा वर्षांचे होऊन कायद्याच्या कक्षेतून केव्हाच बाहेर पडलेले असेल. एका मुलाचे अवघे शालेय वय शासनाच्या दप्तरात केवळ अंदाजाच्या रूपाने निघून जावे, आणि त्याच अंदाजावर शाळांच्या जागा आरक्षित व्हाव्यात, खोल्या बांधल्या जाव्यात, याचे कोणास काही वाटू नये, हे आम्हांस समजत नाही.

यावर शिक्षणखात्याचे उत्तर ठरलेले आहे: प्रत्येक शाळेची माहिती संगणकावर आहे, प्रत्येक विद्यार्थ्याचा आधार क्रमांक आहे. असेल. पण ती नोंद पटावर असलेल्यांची. जो पटावर आलाच नाही तो त्या यंत्रास कोठून दिसावा? ४ जुलै २०१५ रोजी राज्यभर एका दिवसात शाळाबाह्य मुले मोजण्याचा प्रयोग झाला होता आणि मोजलेल्या मुलाच्या बोटाला, मतदारास लावावी तशी शाई लावली होती. तो दिवस भर पावसाळ्यातला होता. बांधकामावरचा बिगारी दसऱ्याच्या सुमारास गाव सोडतो आणि मृगाच्या आगेमागे परततो, ही गोष्ट कोणताही मुकादम सांगू शकला असता. शिक्षकांची पदे ठरविणारी संचमान्यताही तीस सप्टेंबरच्या पटावर होते. म्हणजे यादगीर, नांदेड किंवा बीडकडून दिवाळीनंतर मोशीच्या वा वाघोलीच्या लेबर कॅम्पात उतरणारे मूल पदे ठरून गेल्यानंतर शाळेच्या दारात उभे राहते. त्यास वयानुरूप वर्गात घ्यावे असे कायदा सांगतो, आणि आठ वर्षांचे म्हणून ते तिसरीत बसतेही. पण त्याला अक्षरओळख कोणी करून द्यावी, याचे उत्तर त्या वर्गाच्या एकट्या शिक्षिकेने शोधावयाचे असते. डोअरस्टेप स्कूलसारख्या संस्थांनी बांधकामांवर जाऊन जे काम केले ते मोलाचे आहे, परंतु मूळ कर्तव्य ज्यांचे, त्यांनी ते दुसऱ्याच्या सौजन्यावर किती काळ सोपवावे?

याच शहरात गोखले अर्थशास्त्र संस्थेने धनंजयराव गाडगिळांच्या मार्गदर्शनाखाली पुण्याची सामाजिक-आर्थिक पाहणी केली, ती १९४५ आणि १९५२ साली दोन भागांत प्रसिद्ध झाली. सातारा जिल्ह्यातील प्राथमिक शिक्षणावरील गाडगीळ-दांडेकरांचा अहवाल १९५५ चा. शाळेत घातलेले मूल पुढे साक्षर राहते काय, असा अडचणीचा प्रश्न त्या अहवालाने विचारला होता. कागद, टाक आणि पायपीट एवढ्या सामग्रीवर ज्यांनी हे केले त्यांच्या नावाची व्याख्याने आपण आवडीने ऐकतो.

आणि आपण, म्हणजे हा अंक विकत घेणारा वर्ग, यंदा कशात गुंतलो होतो? एप्रिलात पहिलीपासून हिंदीचा हुकूम निघाला, जूनमध्ये त्याची भाषा बदलली, आणि २९ जूनला तो मागे घेतला गेला. त्या हुकमास आमचाही विरोध होता आणि आहे. परंतु पहिलीच्या मुलावर तिसरी भाषा लादावी काय याविषयी आपण सभागृहे दणाणून सोडीत होतो, तेव्हा उपनगरातील महापालिकेच्या मराठी शाळेत जे मूल बसले होते त्याच्या घरी कानडी, गोरबोली किंवा भोजपुरी बोलली जात होती. मराठी हीच त्याची दुसरी भाषा. आपली नातवंडे जेथून केव्हाच निघून गेली, त्या शाळेचा पट आज पुष्कळ ठिकाणी या परमुलखातून आलेल्या मुलांनी राखला आहे, आणि आपल्या एकाही ठरावात त्यांचा उल्लेख नव्हता.

यंदाच्या विशेष विभागाचा विषय 'शेजार' आहे. वरील विवेचनाशी त्याचा संबंध ओढूनताणून आणला आहे असे कोणास वाटल्यास आम्ही वाद घालणार नाही; पण पहिली ते पाचवीच्या मुलास घरापासून एक किलोमीटरच्या आत शाळा मिळावी असे सांगताना कायदाही शेजाराचीच भाषा बोलतो. त्याच एका किलोमीटरचा आधार घेऊन फेब्रुवारी २०२४ मध्ये, जवळ सरकारी शाळा असेल तर खाजगी शाळेने दुर्बळ घटकांसाठी पंचवीस टक्के जागा ठेवण्याचे कारण नाही, असा नियम काढण्यात आला होता. उच्च न्यायालयाने तो त्याच वर्षी जुलैत रद्द केला.

मराठवाड्यातील खरीप गेल्यामुळे यंदा अधिक कुटुंबे पुण्याची वाट धरतील हे सांगावयास अर्थशास्त्रज्ञ नको, आणि तीस सप्टेंबर तर उलटून गेला. संचमान्यतेची एक फेरी जानेवारीत पुन्हा घ्यावी, आणि हंगामी पटावर हंगामी शिक्षक द्यावेत, ही आमची मागणी आहे. तिच्यासाठी नवा कायदा लागत नाही. घरयादीचे काम एप्रिल २०२६ पासून सुरू व्हावयाचे आहे. प्रगणक म्हणून दारात बहुधा एखादी शिक्षिकाच येईल, कारण कायद्याने शिक्षकांवर टाकता येणाऱ्या मोजक्या अशैक्षणिक कामांत जनगणना आहे. तिला चहा द्यावा, आणि शेजारच्या बांधकामावरील पत्र्याच्या खोल्या तिच्या यादीत आहेत काय, हे अवश्य विचारावे; नसतील तर तेथवर तिच्याबरोबर चालत जावे.

कागदाच्या दरामुळे यंदा सोळा पाने कमी करावी लागली आहेत. किंमत वाढविलेली नाही.