थोडी उजळ करशील का?

मंडळी, गणपतीचे फोटो सगळ्यांना पाठवून झाले की आमच्याकडे फोन सुरू होतात. "अरे, माझी साडी आमसुली होती, फोटोत तपकिरी कशी?" हा नेहमीचा प्रश्न. दुसरा जरा दबक्या आवाजात येतो : "लेकीला थोडी उजळ करशील का?" पहिल्याचं उत्तर सोपं आहे, दुसऱ्याचं नाही. पण दोन्ही उत्तरं शोधायची एकाच ठिकाणी, कॅमेऱ्याच्या रॉ फाईलमध्ये.

कॅमेऱ्याच्या सेन्सरला मुळात रंग कळत नाही, फक्त उजेड किती ते कळतं. म्हणून त्याच्या प्रत्येक ठिपक्यावर लाल, हिरवी किंवा निळी गाळणी बसवलेली असते. कोडॅकच्या ब्राइस बेयर यांची ही युक्ती, पेटंट १९७६ चं. निम्म्या गाळण्या हिरव्या, उरलेल्यांत लाल-निळ्या निम्म्या-निम्म्या. रॉ फाईल म्हणजे या मोजमापांची वही. जेपेग बनवताना कॅमेरा स्वतःच्या अंदाजाने रंग ठरवतो, प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या ठेवतो आणि बाकीचं टाकून देतो. १४ बिटच्या रॉ फाईलमध्ये त्याच पायऱ्या १६,३८४ असतात. थोडक्यात, रॉ ही निगेटिव्ह आणि जेपेग हा प्रिंट.

आता साडी. शाळेच्या जिममध्ये वर पांढरट दिवे, स्टेजवर पिवळे, मखरात समया! कॅमेरा बिचारा गोंधळतो. रॉमध्ये मात्र व्हाइट बॅलन्स पक्का झालेला नसतो, तो फक्त लाल आणि निळ्याला लावायचा गुणक असतो. यजमानांच्या उपरण्यावर सॉफ्टवेअरमधला ड्रॉपर टेकवा (फटफटीत पांढऱ्या जागी नको, सावलीतल्या करड्या भागावर), आमसुली रंग बहुधा परत येतो. जरीचं तेवढं सांभाळा. जिथे सेन्सर उजेडाने भरून वाहिला तिथे वहीत काहीच उरत नाही. अंधारात मात्र थोडं तरी हाती लागतं. म्हणून फोटो जरीला जपून काढावा आणि चेहरे नंतर वर आणावेत.

किती वर आणावेत, हाच तर दुसरा प्रश्न! फोटोत कातडीचा रंग "सुधारणं" काही नवं नाही. आपल्या स्टुडिओंत लग्नाच्या स्थळासाठी काढलेल्या फोटोंच्या निगेटिव्हवर शिसपेन्सिल फिरवत, म्हणजे प्रिंटमध्ये तेवढा भाग उजळ येई. इकडे कोडॅकच्या शर्ली कार्डावर गोरी बाई असे आणि लॅबवाले तिच्यावरून रंग जुळवीत. तपकिरी छटा नीट येत नाहीत ही तक्रार चॉकलेट आणि फर्निचरवाल्यांनी केली तेव्हा कुठे फिल्म सुधारू लागली, असं लॉर्ना रॉथ या संशोधिकेने २००९ मध्ये लिहिलंय. आपल्या चेहऱ्यांपेक्षा टेबलाची वट जास्त!

कॅमेऱ्याचा मीटरही सगळ्याची सरासरी काढतो. पांढऱ्या भिंतीपुढे सावळी मुलगी उभी केली तर ती काळवंडते, काळ्या पडद्यापुढे फिकुटते. ही चूक दुरुस्त करणं म्हणजे उजळ करणं नव्हे. माझी पद्धत अशी : त्याच दिव्यांत १८ टक्के करड्या कार्डाचा एक फोटो काढायचा, त्यावरून एक्स्पोजर आणि रंग ठरवायचे, मग चेहरा जसा येईल तसा. शॅडोजचा स्लायडर फार ओढला की सावळी कातडी राखेसारखी दिसते, गालावरची चमक जाते. त्यापेक्षा एक्स्पोजर थोडं वाढवावं आणि काळं काळंच राहू द्यावं. स्क्रीनही फार प्रखर नको, नाहीतर सगळे फोटो तुम्ही अंधारे करून ठेवाल.

कार्ड सांगेल त्याच्यापुढे मी जात नाही. मैत्रिणी रागावतात, रागावू देत. त्यांचा फोन बऱ्याचदा स्पीकरवर असतो आणि अकरा वर्षांची लेक शेजारीच बसलेली असते. इथे जन्मलेल्या मुलांना मराठी बोलता येत नसेल, पण "उजळ" कळतं बरं का!

असो. डार्कटेबल आणि रॉथेरपी ही दोन्ही सॉफ्टवेअर फुकट आहेत, बऱ्याच फोनमधूनही आता रॉ काढता येतं, आणि मूळ फाईलला धक्का लागत नाही, केलेले बदल वेगळे लिहिले जातात. डिस्क मात्र मोठी घ्या. दिवाळीच्या कार्यक्रमाला करडं कार्ड मी आणतोय, पहिल्या रांगेतल्या कुणीतरी मिनिटभर धरा.