सावकारी पाश



शिरवळच्या कारखान्यांत पाळीला जाणारी शेतकऱ्यांची पोरं पाहिली की 'सावकारी पाश'ची आठवण होते. बाबूराव पेंटरांनी १९२५ साली कोल्हापुरात काढलेला हा मूकपट. कथा आपल्याच जिल्ह्यातल्या कोरेगावी राहिलेल्या ना. ह. आपटे यांची, तरुण शेतकरी झाले होते व्ही. शांताराम. सावकार खोट्या कागदावर त्याची जमीन गिळतो अन् तो शहरात गिरणीमजूर होतो.

नीट पाहा, इथं रान गेलं ते कागदामुळं. आजही अडीनडीला उसने घेताना गहाणाच्या नावाखाली खरेदीखत करून घेणारे भेटतात. म्हणून सही-अंगठ्याआधी कागद जाणत्याकडून वाचून घ्या. सावकाराचा परवाना पाहा. फेडीची पावती मागा. सातबारा अधूनमधून काढून नावं तपासा.

फसगत झालीच असेल तर गप्प बसू नका. २०१४ च्या सावकारी कायद्यानं, व्यवहार पंधरा वर्षांच्या आतला असेल तर सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करता येतो. सावकारीतून जमीन बळकावल्याचं सिद्ध झालं तर ती परत मिळू शकते.

आज संध्याकाळी घरातले कागद एकदा खाली काढाच. कारभारणीलाही जवळ बसवा.